साखरेच्या गोदामात पडायला शिकताना

रविवारी सकाळी आठ ते दहा. माझी पोरगी मला एवढीच मिळाली होती. तसं कागदावर लिहिलेलं होतं, खाली कोर्टाचा शिक्का होता, आणि त्या कागदाची झेरॉक्स मी पाकिटात घेऊन फिरायचो, कुणी अडवलं तर दाखवायला. बाकीचा आठवडा ती परभणीत, तिच्या आईजवळ, आजोळी. मी गंगाखेडात, साखर कारखान्यात फिटर.

संसार कशानं मोडला ते कुणी विचारत नाही, पण मी सांगतो. दारू नाही, बाई नाही, मारहाण नाही. माझं तोंड. मी ओरडायचो. भाजीत मीठ जास्त झालं की ओरडायचो, लाईट गेली की ओरडायचो, गाडी सुरू झाली नाही की गाडीवर ओरडायचो. वीस वर्षं ऊस गाळणाऱ्या मिलच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण मिलशेजारी उभे राहणारे बाकीचे फिटरही घरी जातात, आणि त्यांच्या बायका त्यांच्या घरी असतात. एकदा जेवताना मी ताट फेकलं. कुणाला लागलं नाही, भिंतीला लागलं. पोरगी तेव्हा सात वर्षांची होती. ते ताट फरशीवर गरगर फिरून थांबेपर्यंत तिनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. वर्षभरात बायको तिला घेऊन गेली. मी बायकोच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. हे मी आता म्हणतो, तेव्हा म्हणत नव्हतो.

पोरगी दहाची झाली आणि तिच्या मामानं तिला स्केटिंगच्या क्लासला घातलं. क्लास रविवारी सकाळी आठ ते दहा. बघा म्हणजे! आठवड्याचे सात दिवस पडलेले, आणि क्लास नेमका माझ्या दोन तासांवर. हे मुद्दाम केलंय म्हणून मी वकिलांसमोर टेबलावर हात आपटला. वकील म्हातारे, शांत माणूस. म्हणाले, "मुद्दाम का कसं ते सोडा. पोरगी जिथं असंल तिथं जाऊन बसा. बसायला तर कुणी मनाई केली न्हाई ना?"

म्हणून मी सहाची एसटी धरून परभणीला यायचो आणि स्टँडवरून ऑटोनं मैदानावर. मैदानाच्या एका कोपऱ्यात सिमेंटची गोल पट्टी होती, भोवती कमरेएवढा लोखंडी कठडा. आत फक्त पोरं आणि सर. आईबापांनी कठड्याच्या बाहेर. पोरगी चाकांवर गोल गोल फिरायची आणि मी मान गोल गोल फिरवायचो. मध्ये पाणी प्यायला पाच मिनिटं सुट्टी व्हायची. तेवढी ती कठड्याजवळ यायची.

"जेवतीस का नीट?"

"हं."

"शाळा?"

"हं."

"पुढच्या रविवारी काय आणू?"

"नको."

शिट्टी वाजायची, ती जायची. मी परत गंगाखेडला. येऊन-जाऊन निम्मा दिवस खर्ची, आणि पदरात दोन 'हं' आणि एक 'नको'.

पोळा झाला तेव्हा वकिलांनी बोलावून घेतलं. दसऱ्यानंतरच्या तारखेला जज मॅडम पोरीला आत एकटीला बोलावणार होत्या. तिला विचारणार होत्या, बापाला भेटायचंय का. "भेटायचंय म्हणली तर आपण अर्धा दिवस मागू, दिवाळीची सुट्टी मागू," वकील म्हणाले. "नको म्हणली तर माझ्याकडं येऊ नका. देवाकडं जा."

ती काय म्हणणार हे मला माहीत होतं. माझ्याशी ती तीनच शब्द बोलायची, आणि त्यातला तिसरा कुठला हे मी आत्ताच सांगितलं.

पुढच्या रविवारी सुट्टीत ती कठड्याजवळ आली तेव्हा मी विचारलंच. म्हटलं, "माय, मी येतो ते तुला आवडतं का?" पोरीला मी माय म्हणतो, आमच्याकडं म्हणतात. तिनं बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"तुम्ही नुसते बसता," ती म्हणाली.

नुसते बसता! पहाटे उठून, एसटीत उभं राहून, धक्के खात येऊन नुसता बसतो! शब्द पार ओठावर आले होते. मी ते गिळले, आणि ती गेल्यावर सरांना गाठलं. म्हटलं, मला क्लासला घ्या.

सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, कुठल्याशा शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वय?"

"बेचाळीस."

"वजन?"

"ते कशाला?"

"पडल्यावर उचलायचं मलाच आहे म्हणून."

"तुमच्या बोर्डावर वयाची अट लिहिलेली नाही," मी म्हणालो.

"नाही लिहिली. असं कुणी येईल हे डोक्यातच आलं नव्हतं हो." पण माणूस भला. त्यांनी घेतलं. कठड्याच्या आत जायचा तेवढा एकच रस्ता होता, आणि तो मला सापडला होता.

माझ्या पायाचे स्केट्स परभणीच्या बाजारात मिळाले नाहीत. दुकानदार म्हणाला, पोराला घेऊन या, माप घेऊ. मी म्हटलं, पोरगा हाच. शेवटी मोबाईलवरून मागवले. दोन चाकं पुढं, दोन मागं, गुडघ्याला-कोपराला पॅड, डोक्याला हेल्मेट. ते सगळं चढवून मी आत पाऊल ठेवलं तेव्हा शिकाऊ पोरांची रांग माझ्या कमरेइतक्या उंचीची होती. सगळी पाच-सहा वर्षांची. पुढचा दात पडलेल्या एका चिमुरडीनं मान वर करून विचारलं, "काका, तुम्ही नापास झालात का?"

म्हटलं, "हो."

सरांचा पहिला धडा चालायचा नव्हता. पहिला धडा पडायचा. "मागं पडायचं नाही, पुढं पडायचं. तोल गेला की गुडघे वाकवा, खाली या, पॅडवर टेका, मग हात. पडणं अडवायचं नाही. अडवलं की हाड मोडतं." पोरं टपाटप पडली आणि टपाटप उठली. हसत होती लेकाची. मी गुडघे वाकवायला गेलो आणि दोन्ही पाय पुढं निघून गेले. माकडहाडावर असा आपटलो की डोळ्यांपुढं अंधारी आली. आणि तोंडातून जे निघालं ते इथं लिहिता येत नाही. लय मोठ्यानं निघालं. वर मी हातानं त्या स्केटला एक ठेवून दिली, जणू चूक त्याचीच.

पट्टीच्या दुसऱ्या टोकाला माझी पोरगी थांबली होती. ती एक पाऊल मागं सरकली आणि सरांच्या आड झाली.

सुट्टीत ती आली. "पप्पा, तुम्ही घरी जा ना."

"शिकलो की न्हाई ओरडणार, माय. नवीन हाय म्हणून."

"शिकल्यावर पण सगळे पडतात," ती म्हणाली, आणि गेली.

तारखेला पाच-सहा रविवार उरले होते. रविवारच्या दोन तासांत शिकणं होणार नव्हतं, आणि गंगाखेडात सिमेंटचा गुळगुळीत पट्टा कुठून आणायचा? रस्त्यावर जाऊन पाहिलं. पहिल्याच खड्ड्यात गुडघा. मग एका संध्याकाळी कारखान्यात मिलचं रोलर खोललेलं होतं, त्याचं काम आटोपून येताना साखरेच्या गोदामाचं दार उघडं दिसलं. हंगामात तिथं पोत्यांच्या थप्प्या पत्र्यापर्यंत जातात. आता सगळी साखर गेलेली, गोदाम मोकळं. घोटीव कोब्याची जमीन, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी वॉचमनला म्हटलं, चाचा, रोज एक तास द्या. चाचा रिटायर व्हायला आलेले. ते म्हणाले, "लेव ना फिटरसाब, अपने बाप का क्या जाता."

तिथं मी महिनाभर रोज पाच ते सहा पडलो. कुठं साखर सांडून पाण्यानं चिकटलेली, तिथं चाक धरायचं आणि मी पुढं जायचो. कुठं मुंग्यांची रांग. उताणा पडलो, पालथा पडलो, एकदा तर भिंत धरायला गेलो आणि भिंत चुकली. मोबाईलवर व्हिडिओ लावून ठेवायचो. त्यातली पोरगी हसत हसत सांगायची, आता एक पाय उचला. तू उचल की बाई! माझे दोन्ही आपोआप उचलले जायलेत!

पडलो की मी ओरडायचो. सवयच ती. पण गोदाम रिकामं, वर पत्रा. माझा आवाज वर जायचा, त्या टोकाला धडकायचा आणि परत माझ्याच अंगावर यायचा. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी जमिनीवर बसल्या बसल्या तो ऐकला. घरात चार बाय चारच्या स्वयंपाकघरात हा आवाज कसा लागत असेल? मी ओरडणारा होतो, ऐकणारा कधी नव्हतो. मला लाज वाटली.

चाचा दारातून म्हणाले, "फिटरसाब, आप गिरते एक बार, चिल्लाते चार बार."

"लागतंय चाचा!"

"लगता तो लगने देव. चिल्लाने से कम होता क्या?"

मग मी ठरवलं, पडायचं पण दात दाबून. नाही जमलं. आवाज पडायच्या आधीच बाहेर यायचा. बेचाळीस वर्षांत तोंडाला कुणी ब्रेक बसवलाच नव्हता, तो आता कुठून लागणार? दहातल्या दोन वेळा गप्प राहिलो की मी स्वतःला शाबासकी द्यायचो.

पण पाय सुधारायला लागले. घट बसले त्या आठवड्यात मी मैदानावर कठडा न धरता दहा पावलं चाललो. पोरगी बघत होती. सुट्टीत पाणी प्यायला न जाता ती थेट माझ्याकडं आली.

"पप्पा, तुम्ही पाय सरळ ठेवता. असं व्ही करा. टाचा जवळ, बोटं लांब. आणि खाली बघू नका."

"मग कुठं बघू?"

"माझ्याकडं बघा." आणि तिनं माझा हात धरला. मनगटाला पॅड बांधलेला तिचा हात, त्यातून बाहेर आलेली चार बोटं. ती मागं मागं सरकत होती आणि मला ओढत होती, आणि मी एवढा मोठा बाप्या बदकासारखा तिच्या मागं चाललो होतो. कठड्याबाहेरचे आईबाप हसत होते. हसा लेकहो, म्हटलं, पोटभर हसा. तिसऱ्या वेळी मी पडलो तेव्हा माझ्या तोंडातून नुसतं "ओ" निघालं. तीही हसली. तीन वर्षांत तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. परतीच्या एसटीत मी तिनं धरलेला हात मांडीवर उताणा ठेवून बसलो होतो, कशाला लावला नाही.

त्यानंतरच्या रविवारी तिनं माझ्याकडं काहीतरी मागितलं. "पप्पा, माझी चाकं चूं चूं करायलीत. तुम्ही फिटर आहात ना?"

पुढच्याच रविवारी क्लासची शर्यत होती, तिची पहिली. पावसात भिजून, धूळ बसून बेअरिंग कोरडी पडली होती. मी म्हटलं, "आण इकडं. चाकं अशी करून देतो की मैदानात तुझ्यापुढं कोण दिसायचं न्हाई." तिनं स्केट्स पिशवीत घालून माझ्या हातात दिले. आठवडाभरासाठी. आईला विचारलं पण नाही.

आता हे जे सांगतो ते फिटर माणसाच्या ध्यानात लगेच येईल, कारण कुठलाही फिटर हेच करेल. आमच्याकडं चाक कुरकुरलं की वंगण. लहानपणी बैलगाडीला तेच, कारखान्यात मिलला तेच. बेअरिंग कोरडं ठेवणं म्हणजे पाप, असंच हाताला शिकवलेलं. आठ चाकं, एकेका चाकात दोन, अशी सोळा बेअरिंग मी काढली. दाताच्या डॉक्टरनं दात काढावेत तशी त्यांच्यावरची पत्र्याची झाकणं सुईनं उचकटली. आणि मिलच्या मोठ्या बेअरिंगला आम्ही जे भरतो, ते उत्तम, घट्ट, पिवळं ग्रीस प्रत्येकात ठासून भरलं. दोन संध्याकाळी लागल्या. चूं चूं साफ बंद. बोटानं चाक फिरवलं तर ते एक फेरा घेऊन थांबायचं. मला वाटलं, वा, काय बसलंय! एकदाही मनात आलं नाही की मिलचं रोलर काही टनांच्या उसाखाली फिरतं, आणि माझी पोरगी सगळी मिळून तीस किलोची.

शर्यतीला सहा पोरी होत्या. शिट्टी वाजली. पाच पुढं निघाल्या. माझ्या पोरीनं पाय मारला आणि ती हातभर सरकून थांबली. परत मारला, परत थांबली. बाकीच्या घसरत होत्या आणि ती चाकांवर चालत होती, चिखलातून चालावं तशी, पाय उचलून उचलून. पाचही जणी पोचल्या तेव्हा ती निम्म्यातच होती. तरी ती थांबली नाही. रडत रडत शेवटपर्यंत चालली. मी बाकीच्या पालकांसोबत कठड्याबाहेर उभा होतो.

सरांनी गुडघ्यावर बसून तिचं चाक बोटानं फिरवलं. वास घेतला. "यात ग्रीस कुणी भरलं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. "याला ग्रीस नाही चालत हो! शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामा फाटकाशी उभा होता, तोही. आणि पोरगी. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. पुढं काय होणार हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

मला कळत होतं की चूक माझी आहे. अगदी स्पष्ट कळत होतं. तरी माझ्या तोंडातून निघालं, "वीस वर्सं बेअरिंग बसवायलोय मी! तू मला शिकवतो का रे? कालचं पोर तू! आख्खा कारखाना माझ्या हातावर चालतो!" आणखी बरंच. मी सरांवर ओरडत होतो आणि माझी नजर पोरीवर होती. तिनं हात वर नेले आणि दोन्ही कानांवर दाबून धरले.

ताट फेकलं त्या दिवशीसारखेच.

मी थांबलो. पण ओरडून झाल्यावर थांबलेलं काय कामाचं? पोरीनं पट्टे सोडले, दोन्ही स्केट्स कठड्याच्या आत जोडीनं ठेवले, आणि मोज्यांवरच चालत मामाकडं गेली. मी हाक मारली नाही. कुठल्या आवाजात मारायची तेच कळंना. घड्याळात नऊ वीस झाले होते. माझी चाळीस मिनिटं शिल्लक होती. ती मी कठडा धरून उभा राहून काढली.

त्यानंतर तारखेपर्यंत एक रविवार आला. त्या दिवशी तिला ताप होता, असा निरोप होता. खरा असेल, खोटा असेल.

तारीख गुरुवारी होती. पोरगी शाळेचा गणवेश घालून आली होती, दोन वेण्या, हातात आईचा हात. माझ्यासमोरून गेली तेव्हा मी काही बोललो नाही. वकिलांनीच बजावलं होतं. कोर्टाच्या समुपदेशक बाई तिला आत जज मॅडमकडं घेऊन गेल्या आणि तिच्याजवळच थांबल्या. मी बाहेर बाकावर. देवा, म्हटलं, काय पण कर. माझे पाय मोड, हात मोड, नोकरी घे, पण तिच्या तोंडून हो निघू दे. आयुष्यात एवढी भीक मी कुणाला मागितली नव्हती. दहा मिनिटांनी दार उघडलं. पोरगी बाहेर आली आणि थेट आईकडं गेली.

तिनं नको म्हटलं होतं. भेटी तूर्त बंद, पुढचं पुढच्या तारखेला. पुढची तारीख उन्हाळ्यातली.

मी समुपदेशक बाईंना जिन्यापाशी गाठलं. हात जोडले. म्हटलं, "ताई, मी तिला कधी विचारणार न्हाई. तिच्या आईलाबी न्हाई. फक्त सांगा, का म्हणली?" त्यांनी आधी जिन्यात वर-खाली बघितलं. मग म्हणाल्या, "ती आधी वेणीची रिबन सोडत-बांधत बसली. मग तिनं मला विचारलं, मी नको म्हटलं तर पप्पा इथं ओरडतील का? मी म्हटलं, नाही बाळा, इथं कुणालाच ओरडता येत नाही." बाईंनी फाईल या हातातून त्या हातात घेतली. "मग ती म्हणाली, नको."

मी तिथं ओरडलो नाही. एसटीत खिडकीशी बसून मी रडलो, आणि शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला.

स्केट्स माझ्याकडंच होते. शर्यतीच्या दिवशी मीच उचलून आणले होते. ती सोळा बेअरिंग मी परत काढली. वाटीत पेट्रोल घेऊन एकेक धुतलं. ग्रीस जाता जात नाही. ब्रशनं, मग काडीनं, मग परत ब्रशनं. भरायला दोन संध्याकाळी लागल्या होत्या, काढायला पाच लागल्या. प्रत्येकात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. मग चाक बोटानं फिरवलं. ते फिरतच राहिलं. मी बघत बसलो, तरी फिरत होतं, आणि आवाज काही नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी सरांच्या शाळेत गेलो. आधी माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या हो. मग मी पिशवी दिली. "तिला सांगू नका मी साफ केले म्हणून." "मग काय सांगू?" "काही नका सांगू. फक्त घालायला द्या." माझा क्लास मी सोडला. जिथं ती आहे तिथं मी जायचं नाही, असा आता कागद होता, आणि त्याचीही झेरॉक्स मी पाकिटात ठेवली आहे.

पण रविवार येतोच ना. पहिल्या रविवारी पाचला जाग आली, आणि सहाची एसटी मी घरातून जाऊ दिली. आठ वाजले. काय करू, कुठं जाऊ? मग माझे स्केट्स घेतले आणि कारखान्यात गेलो. चाचांनी काही न विचारता गोदामाचं दार उघडलं. हंगामाची तयारी सुरू होती. आणखी दोन-तीन रविवार, मग गोदाम पोत्यांनी भरणार होतं.

तेव्हापासून आठ ते दहा मी तिथं असतो. चालायला मला आता बऱ्यापैकी येतं. म्हणून मी चालत नाही. मी पडतो. वेग घेतो, मुद्दाम तोल सोडतो, गुडघे वाकवतो आणि पुढं येतो. सर सांगायचे तसं, न अडवता. पडता पडता छातीतून तो आवाज वर यायला लागतो, घशापर्यंत येतो, आणि मी डोळ्यांपुढं तिचे दोन हात आणतो, कानांकडं निघालेले. ते हात खाली राहिले पाहिजेत. एवढंच.

परवाच्या रविवारी चाचा दारातून आत डोकावले. पत्र्याखाली सगळं शांत होतं. मी कोब्यावर पालथा होतो, गालाला साखर चिकटलेली.

"क्या फिटरसाब, आज गिरे नहीं क्या? आवाज नहीं आयी."

"पडलो की चाचा," मी म्हणालो. "नऊ वेळा."

दहाला अजून पाच मिनिटं कमी होती. मी गुडघ्यावर आलो आणि परत उभा राहिलो.